शिळाछापापासून सिलिकॉनपर्यंत : चिपनिर्मितीतील स्पर्धक पद्धतींचा इतिहास आणि सीमाभागातील महाविद्यालये

प्रस्तावना

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली आणि ‘चिप’ हा शब्द वर्तमानपत्रांतून थेट वर्गात येऊन पोहोचला. चिप तयार करण्याचे सर्वांत पुढारलेले तंत्र कोणते, या प्रश्नाला सामान्यतः एकच उत्तर दिले जाते : जितके नॅनोमीटर कमी, तितके तंत्र श्रेष्ठ. हे उत्तर सोपे आहे; परंतु इतिहासाच्या कसोटीवर ते पुरे पडत नाही.

चिपनिर्मितीचा गेल्या सहा दशकांचा इतिहास हा एका तंत्राच्या सरळ प्रगतीचा इतिहास नाही. तो अनेक स्पर्धक पद्धतींचा इतिहास आहे. त्यांपैकी काही पद्धती अधिक बारीक रेघ काढू शकत होत्या, तरीही मागे पडल्या. काही जुन्या आणि ढोबळ समजल्या गेल्या, तरीही टिकल्या. प्रस्तुत लेखात या स्पर्धेचा आढावा घेऊन ती कोणत्या निकषांवर निकालात निघाली, हे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. बेळगाव-निपाणी सीमाभागातील महाविद्यालयीन शिक्षकांना या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे. कारण तंत्र बदलते तेव्हा कोणाच्या हातचे काम जाते आणि कोणाच्या हाती नवे काम येते, हा अखेरीस शिक्षणाचा प्रश्न असतो.

नावाचे मूळ : शिळा आणि लेखन

चिपवर आकृती उमटविण्याच्या क्रियेला फोटोलिथोग्राफी म्हणतात. ‘लिथोग्राफी’ या ग्रीक मुळाच्या शब्दाचा अर्थ शिळेवरील लेखन. मराठीत याच छपाईला शिळाछाप हे नाव रूढ झाले. जर्मनीतील आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास ही पद्धत शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहावयाचे, शिळा पाण्याने ओली करावयाची आणि वरून छपाईची शाई फिरवावयाची. पाणी शाईला दूर ठेवते, तेलकट अक्षर मात्र तिला धरून ठेवते. एका पृष्ठावरील काही भाग झाकून आणि काही भाग उघडा ठेवून छाप घेण्याचे हेच तत्त्व पुढे वेगळ्या रसायनांनिशी सिलिकॉनवर आले.

सीमाभागात मराठी, कन्नड आणि उर्दू या तीन लिप्या शेजारी-शेजारी नांदतात. या तिन्ही लिप्यांच्या मुद्रणाच्या इतिहासात शिळाछापाला स्थान आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली मराठी पंचांग शिळाछापावर छापले. मंगळूर येथे बासेल मिशनने १८४१ मध्ये छापखाना काढला आणि १८४३ मध्ये तेथून निघालेले ‘मंगळूरु समाचार’ हे कन्नडमधील पहिले वृत्तपत्रही शिळाछापावरच निघाले. उर्दू आणि फारसी ग्रंथांसाठी मुंबई व लखनौ ही शिळाछापाची मोठी केंद्रे बनली. लखनौला मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये सुरू केलेला छापखाना या क्षेत्रात अग्रगण्य ठरला.

खिळा की शिळा?

पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. देवनागरी व कन्नड मुद्रण शिशाच्या खिळ्यांकडे वळले. गणपत कृष्णाजींनी स्वतःच देवनागरी खिळे पाडून घेतले, तर १८६९ मध्ये जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याने खिळाछापाला सौंदर्य दिले. बेळगावात १९१९ मध्ये बाबूराव ठाकूर यांनी ‘तरुण भारत’ सुरू केले, तोपर्यंत मराठी मुद्रणात खिळ्यांचे युग स्थिरावले होते.

उर्दूची गोष्ट निराळी होती. तिची आवडती नस्तालीक लिपी उजवीकडून डावीकडे आणि वरून खाली उतरत जाते. प्रत्येक अक्षराचे रूप शेजारच्या अक्षरानुसार बदलते. अशा लिपीचे खिळे पाडावयाचे तर जोडाक्षरांची संख्या आवाक्याबाहेर जाते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, नस्तालीक खिळ्यांचा प्रयोग झाला होता. सर सय्यद अहमद खान यांनी १८६४ मध्ये स्थापन केलेल्या सायंटिफिक सोसायटीच्या प्रकाशनांसाठी खिळाछापाचा आग्रह धरला. त्यांचा विचार आधुनिक होता. तरीही सामान्य उर्दू वाचकाने खिळ्यांचे नस्ख वळण मनापासून स्वीकारले नाही. शिळाछाप स्वस्त होता आणि वाचकाच्या डोळ्यांना सवयीचे अक्षर देत होता.

या पद्धतीत कातिब खास लेप दिलेल्या पिवळसर कागदावर मजकूर लिहीत असे. तो मजकूर शिळेवर उतरविला जाई. शिळेवरील उलट्या अक्षरांतील चुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला संगसाज म्हणत. मूळ लेखन, त्याचे स्थलांतर, दोषदुरुस्ती आणि मग शेकडो प्रती, ही साखळी लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण आजच्या चिपच्या कारखान्यातही हीच साखळी आहे.

शेवटी १९८१ मध्ये पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीच्या सहकार्याने ‘नूरी नस्तालीक’ सिद्ध केले. त्यांनी सुमारे २० हजार जोडरूपे हाताने लिहून संगणकात साठविली. १९९४ मध्ये दिल्लीच्या एका कंपनीने ‘इनपेज’ हे सॉफ्टवेअर बाजारात आणले आणि काही वर्षांतच उर्दू वृत्तपत्रांतील कातिबांची रांग रिकामी झाली. येथे एक विरोधाभास दिसतो. दीडशे वर्षे शिशाच्या खिळ्याला जे साधले नाही, ते चिपने साधले. आणि ती चिप स्वतः मात्र लिथोग्राफीनेच छापली जाते.

सिलिकॉनवरील छपाई

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. सुरुवातीचे ट्रान्झिस्टर एकेक करून, जवळजवळ हस्तकलेप्रमाणे तयार होत. १९५८ च्या सुमारास अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत जे लॅथ्रॉप आणि जेम्स नॉल यांनी सूक्ष्मदर्शक उलटा वापरून आकृती लहान केली आणि प्रकाशसंवेदी लेपावर तिचा छाप घेतला. सूक्ष्मदर्शक लहान वस्तू मोठी दाखवितो. उलटा केला असता तो मोठी आकृती लहान करतो. फोटोलिथोग्राफी हा शब्द या क्षेत्रात त्यांनीच रूढ केला.

याच सुमारास बेल प्रयोगशाळेतील मोहम्मद अटाला या इजिप्तमध्ये जन्मलेल्या अभियंत्याने सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर वाढवून तो स्थिर करण्याची रीत दाखविली. १९५९ मध्ये अटाला आणि डॉन कांग यांनी मॉस ट्रान्झिस्टर तयार केला. आजच्या बहुतेक सर्व चिपांचा तो पाया आहे. १९५८ मध्ये जॅक किल्बी आणि १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी एकाच तुकड्यावर संपूर्ण मंडल बसविण्याचा मार्ग काढला. ज्यां हॉर्नी यांच्या सपाट रचनेमुळे हे मंडल छपाईने करता येऊ लागले.

ही क्रिया थोडक्यात अशी. सिलिकॉनच्या चकतीला, म्हणजे वेफरला, प्रकाशसंवेदी लेप देतात. मंडलाची आकृती कोरलेली काच, जिला मास्क म्हणतात, प्रकाशाच्या वाटेत धरतात. जेथे प्रकाश पडतो तेथील लेप बदलतो. मग लेपाचा नको असलेला भाग धुऊन काढतात व उघड्या भागावर कोरण्याची किंवा भरण्याची क्रिया करतात. असे थरावर थर चढवीत चिप पूर्ण होते.

प्रारंभी मास्क वेफरला टेकवूनच छाप घेतला जाई. त्यामुळे मास्कवर ओरखडे पडत आणि प्रत्येक ओरखडा पुढच्या सर्व चिपांत उतरे. १९७३ मध्ये पर्किन-एल्मर कंपनीने आरशांच्या साहाय्याने मास्क दूर ठेवून छाप घेणारे यंत्र आणले. मास्क सुरक्षित राहू लागला आणि चांगल्या चिपांचे प्रमाण वाढले. १९७८ मध्ये जीसीए कंपनीचा ‘स्टेपर’ आला. तो मोठ्या मास्कची आकृती लहान करून वेफरवर एकेका चौकटीत टप्प्याटप्प्याने छापत असे. जीसीए आघाडीवर होती. परंतु १९८० च्या दशकात निकॉन आणि कॅनन या जपानी कंपन्यांनी अधिक भरवशाची यंत्रे देऊन बाजारपेठ घेतली आणि १९९३ मध्ये जीसीए बंद पडली. पहिल्याने शोध लावणारा आणि बाजार जिंकणारा एकच असतो असे नाही, याचा हा ठळक दाखला होय.

प्रकाशाचे प्रतिस्पर्धी

प्रकाशाची स्वतःची एक मर्यादा आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम याने ‘किताब अल-मनाझिर’मध्ये प्रकाशाच्या सरळ गतीचा प्रयोगांनी अभ्यास केला. एकोणिसाव्या शतकात प्रकाशाचे तरंगरूप सिद्ध झाले आणि सूक्ष्म फटीतून जाताना तो पसरतो, हे विवर्तनाचे तत्त्व स्पष्ट झाले. म्हणून एखाद्या प्रकाशाने किती बारीक रेघ काढता येईल, हे त्याच्या तरंगलांबीवर आणि भिंगाच्या प्रकाश गोळा करण्याच्या शक्तीवर अवलंबून असते. तरंगलांबी कमी, तर रेघ बारीक. यावरून यंत्रे पाऱ्याच्या दिव्याच्या ४३६ नॅनोमीटरवरून ३६५ वर, नंतर लेसरच्या २४८ आणि १९३ नॅनोमीटरवर आली. लेसरचा हा उपयोग १९८२ मध्ये आयबीएममधील कांती जैन या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिला होता.

परंतु १९७० पासूनच अनेकांचे मत असे होते, की प्रकाशाचे दिवस भरत आले आहेत. त्याच्या जागी दोन प्रमुख उमेदवार उभे राहिले.

पहिला उमेदवार क्ष-किरणांचा. त्यांची तरंगलांबी अतिशय कमी असल्याने विवर्तनाची अडचण जवळजवळ राहत नाही. आयबीएमने न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट फिशकिल येथे त्यासाठी सिंक्रोट्रॉन यंत्र बसविले. जपाननेही मोठा खर्च केला. अडचण मास्कची होती. क्ष-किरण भिंगाने एकवटता येत नाहीत. त्यामुळे आकृती लहान करून छापण्याची सोय नव्हती. मास्क वेफरवरील आकृतीइतकाच बारीक आणि तोही अत्यंत पातळ पडद्यावर करावा लागे. तो निर्दोष करणे आणि तसाच टिकविणे फार अवघड होते.

दुसरा उमेदवार इलेक्ट्रॉन झोताचा. हा झोत लेखणीप्रमाणे काम करतो व मास्कशिवाय अतिशय बारीक रेघ काढतो. पण तो एकेक बिंदू लिहीत जातो. निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या महिलेची मजुरी हजार विड्यांवर ठरते. तिचा हात कितीही सफाईदार असला तरी एका हाताने दिवसभरात होणाऱ्या विड्यांना मर्यादा असते. इलेक्ट्रॉन झोताची नेमकी हीच मर्यादा होती. प्रकाश संपूर्ण चौकट एका झोतात छापतो. इलेक्ट्रॉन मात्र ती ओळीओळीने लिहितो. एकाच वेळी मोठा भाग छापण्यासाठी बेल प्रयोगशाळेने व आयबीएमने वेगवेगळे प्रकल्प राबविले, तरी तासाला निघणाऱ्या वेफरांची संख्या कारखान्याला परवडेल इतकी झाली नाही.

या दोन्ही पद्धती नाहीशा झाल्या असे मात्र नाही. आज जगातील प्रगत चिपांचे मास्क इलेक्ट्रॉन झोतानेच लिहिले जातात. म्हणजे छपाईच्या स्पर्धेत मागे पडलेली पद्धत कातिबाच्या कामावर रुजू झाली. क्ष-किरण लिथोग्राफीही सूक्ष्म यांत्रिक भाग करण्यासाठी वापरली जाते. इंदूर येथील इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर अशी सोय आहे.

पाण्याचा थर

२००० च्या सुमारास १९३ नॅनोमीटरनंतरची पायरी १५७ नॅनोमीटर ही ठरल्यासारखीच होती. या प्रकाशासाठी नेहमीची काच चालत नाही. कॅल्शियम फ्लोराइडच्या मोठ्या निर्दोष स्फटिकांची भिंगे लागतात. असे स्फटिक मिळविणे कठीण होते आणि त्यांच्या प्रकाशीय गुणधर्मांतील अडचणीही पुढे आल्या.

अशा वेळी तैवानच्या टीएसएमसी कंपनीतील बर्न लिन यांनी २००२ मध्ये वेगळा मार्ग सुचविला. प्रकाश तोच, १९३ नॅनोमीटरचा, ठेवावा. फक्त भिंग आणि वेफर यांच्यामध्ये हवेऐवजी शुद्ध पाण्याचा थर ठेवावा. १९३ नॅनोमीटरच्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.४४ असल्याने त्याची परिणामकारक तरंगलांबी १३४ नॅनोमीटरपर्यंत खाली येते. म्हणजे १५७ पेक्षाही कमी. तत्त्व जुनेच होते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेलात बुडविलेले भिंग वापरणाऱ्या शिक्षकाला ते परिचित आहे. अनेक कंपन्यांनी १५७ वर मोठी गुंतवणूक केली असल्याने सुरुवातीला विरोध झाला. परंतु २००३ मध्ये इंटेलने १५७ चा मार्ग सोडला. नेदरलँड्समधील एएसएमएल या १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने पाण्याचा मार्ग नेटाने पुढे नेला आणि निकॉनवर आघाडी घेतली.

येथे निकाल नव्या प्रकाशाने लागला नाही. तो हाताशी असलेल्या प्रकाशाचा, भिंगाचा आणि लेपाचा अनुभव वाया जाऊ न देणाऱ्या कल्पनेने लागला.

टोकाचा अतिनील प्रकाश

पाण्याचीही मर्यादा होती. पुढचा टप्पा ईयूव्ही, म्हणजे १३.५ नॅनोमीटरच्या टोकाच्या अतिनील प्रकाशाचा. जपानमधील एनटीटी कंपनीचे हिरू किनोशिता यांनी १९८६ मध्ये त्याचा पहिला प्रयोग मांडला, तेव्हा अनेकांना तो अशक्य वाटला. हा प्रकाश हवेत शोषला जातो, काचेतही शोषला जातो. म्हणून संपूर्ण क्रिया निर्वातात करावी लागते आणि भिंगांऐवजी मॉलिब्डेनम व सिलिकॉन यांच्या अनेक पातळ थरांचे आरसे वापरावे लागतात. उत्तम आरसाही सुमारे ७० टक्केच प्रकाश परत पाठवितो. असे अनेक आरसे ओलांडून वेफरपर्यंत अगदी थोडा प्रकाश पोहोचतो. तो निर्माण करण्यासाठी कथलाचे वितळलेले थेंब दर सेकंदाला सुमारे ५० हजार या वेगाने सोडून प्रत्येकावर लेसरचे दोन आघात करतात.

१९९७ मध्ये इंटेल व इतर कंपन्यांनी अमेरिकी राष्ट्रीय प्रयोगशाळांसह एक गट स्थापन केला. अमेरिकी सरकारच्या धोरणामुळे निकॉन व कॅनन त्या गटाबाहेर राहिल्या. एएसएमएलला प्रवेश मिळाला. २००६ मध्ये प्रायोगिक यंत्रे संशोधन केंद्रांत पोहोचली. परंतु प्रकाशाची शक्ती अपुरी असल्याने तासाला निघणारे वेफर फारच कमी होते. २०१२ मध्ये इंटेल, टीएसएमसी व सॅमसंग या एकमेकांच्या स्पर्धकांनीच एएसएमएलमध्ये गुंतवणूक केली. आरसे जर्मनीच्या झाइस कंपनीचे, प्रकाशस्रोत अमेरिकेतील सायमर कंपनीचा, जुळणी नेदरलँड्सची अशी ही साखळी होती. २०१८-१९ मध्ये सॅमसंग व टीएसएमसी यांनी ईयूव्हीने प्रत्यक्ष उत्पादन सुरू केले. पहिल्या प्रयोगापासून कारखान्यापर्यंत तीन दशकांहून अधिक काळ लागला. डिसेंबर २०२३ मध्ये अधिक शक्तिशाली आरशांची पुढची पिढी इंटेलकडे रवाना झाली.

पर्यायी वाटा

ईयूव्हीचा विजय म्हणजे स्पर्धेचा शेवट नव्हे. दोन वाटा आजही चालू आहेत.

पहिली वाट एकच थर दोन किंवा चार वेळा छापण्याची. एका छापात बसणार नाही इतकी दाट आकृती वेगवेगळ्या छापांत वाटून घ्यावयाची, असे हे तंत्र आहे. खर्च वाढतो, दोषांची शक्यता वाढते. पण जुनी यंत्रे कामास येतात. चीनला ईयूव्ही यंत्रे विकण्यास नेदरलँड्सने २०१९ पासून परवाना दिला नाही. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये बाजारात आलेल्या हुआवेच्या मोबाइलमधील चिप चीनच्याच एसएमआयसी कंपनीने ७ नॅनोमीटर वर्गाच्या तंत्राने केली असल्याचे तपासणीत आढळले. ज्याला नवा दरवाजा बंद असतो, तो जुन्या दरवाजातूनच वाट काढतो.

दुसरी वाट साच्याने दाबण्याची. १९९५ मध्ये स्टीफन चौ यांनी मांडलेल्या या पद्धतीत प्रकाशाने आकृती पाडत नाहीत. कोरलेला साचा मऊ लेपावर दाबतात आणि मग लेप कठीण करतात. टेक्सास विद्यापीठातील एस. व्ही. श्रीनिवासन आणि ग्रँट विल्सन यांच्या पुढाकाराने निघालेली कंपनी २०१४ मध्ये कॅननने विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये आपले यंत्र जाहीर केले. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीत काम केलेल्या कोणालाही या पद्धतीचे गुणदोष समजावून सांगावे लागणार नाहीत. पॅटर्न चांगला तर ओतीव भाग चांगला. पॅटर्नमध्ये खोट असेल तर ती प्रत्येक नगात उतरते, आणि पॅटर्न झिजतो. साचा पुन्हा वेफरला टेकतो, म्हणजे १९७३ पूर्वीची अडचण नव्या रूपात परत येते. परंतु वीज आणि खर्च यांची बचत मोठी असल्याने ही वाट सोडून दिली गेलेली नाही.

भारताचा अनुभव

या स्पर्धेत भारत अगदीच अनभिज्ञ नव्हता. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६० च्या दशकात अर्धवाहक घटक तयार होऊ लागले होते. मोहाली येथील सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये ५ मायक्रॉनच्या तंत्राने उत्पादन सुरू झाले. फेब्रुवारी १९८९ मध्ये तेथे भीषण आग लागली आणि पुन्हा उभे राहण्यास अनेक वर्षे गेली. तोवर जगातील यंत्रांच्या दोन-तीन पिढ्या उलटल्या होत्या. २००६ मध्ये ही संस्था अवकाश विभागाकडे गेली व पुढे तेथे १८० नॅनोमीटरचे उत्पादन सुरू झाले. याच मोहालीत तयार झालेला ‘विक्रम ३२०१’ हा प्रक्रियक डिसेंबर २०२४ मधील पीएसएलव्ही-सी६० उड्डाणात तपासला गेला. १८० नॅनोमीटर हे जगाच्या हिशेबाने जुने तंत्र. परंतु अग्निबाणाला सर्वांत बारीक चिप नको असते, भरवशाची हवी असते.

महाराष्ट्रात मुंबईच्या आयआयटीमध्ये २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचे केंद्र आहे. कारखान्याच्या बाबतीत मात्र राज्याचा अनुभव धरसोडीचा ठरला. वेदान्त-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी २०२२ मध्ये गुजरातकडे वळला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली. दुसरीकडे, फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह आणि तैवानची पीएसएमसी यांच्या ९१ हजार कोटी रुपयांच्या कारखान्यास मान्यता दिली. तेथील तंत्र २८ नॅनोमीटर व त्याहून मोठे आहे. त्यास ईयूव्हीची गरज नाही. मोटारी, वीजमीटर, घरगुती उपकरणे यांतील बहुतांश चिपा अशाच परिपक्व तंत्राच्या असतात. म्हणजे भारताने निवडलेली वाट ही स्पर्धेतील सर्वांत नवी वाट नसून सर्वांत रुळलेली वाट आहे. इतिहास पाहता ती चुकीची म्हणता येत नाही. तीवर धीराने चालत राहणे मात्र आवश्यक आहे.

सीमाभागातील महाविद्यालयांपुढील प्रश्न

बेळगाव हे १९९८ पासून विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आहे. बेंगळुरूत १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे रचनाकेंद्र सुरू झाल्यापासून कर्नाटक चिपरचनेत अग्रेसर राहिले आहे. उद्यमबागेत धातुकामाची, मोजमापाची आणि सुट्या भागांची जुनी परंपरा आहे. तरीही या साखळीत येथील मुस्लिम समाजाच्या मुलामुलींचा वाटा किती असेल, हा प्रश्न अस्वस्थ करणारा आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातील २० वर्षांवरील लोकसंख्येत पदवीधर व पदविकाधारकांचे प्रमाण सुमारे ७ टक्के होते. मुस्लिमांत ते ४ टक्क्यांहूनही कमी होते, आणि तंत्रशिक्षण तर जवळजवळ नाहीच, असे समितीचे निरीक्षण होते.

कातिबांचा अनुभव येथे उपयोगी पडतो. नस्तालीकचे सौंदर्य संपले म्हणून त्यांचे काम गेले नाही. त्यांचे कौशल्य ज्या एका पद्धतीला बांधले होते, ती पद्धत बदलली. नूरी नस्तालीकची मूळ अक्षरे एका खुशनवीसानेच लिहिली होती. म्हणजे कलेला नव्या तंत्रात जागा होती. पण तेथवर पोहोचण्यासाठी दोन्हींची जाण लागत होती. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने पुढे संगणक आणि बहुभाषी मुद्रणाचे वर्ग सुरू केले, त्यामागे हीच गरज होती. जेथे असे शिक्षण वेळेत पोहोचले, तेथे हात रिकामे राहिले नाहीत.

म्हणून विद्यार्थ्याला एखाद्या यंत्राचे किंवा एखाद्या नॅनोमीटरचे आकर्षण दाखविण्यापेक्षा सर्व पद्धतींत समान असलेला पाया देणे हिताचे आहे. भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने विवर्तन व अपवर्तन शिकविताना पाण्याच्या थराचे उदाहरण घ्यावे. रसायनशास्त्राच्या तासाला प्रकाशसंवेदी लेप आणि कोरण्याची क्रिया यांवर बोलावे. निर्वात पंप, अतिशुद्ध पाणी, धूळविरहित खोली, मोजमापातील चूक आणि तिचे संख्याशास्त्र हे विषय बी.एस्सी.च्या अभ्यासक्रमाच्या कडेला असले तरी शिकविता येण्याजोगे आहेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिपरचनेची पदवी आणि चिपनिर्मितीची पदविका यांचे नमुना अभ्यासक्रम जाहीर केले. त्यांपैकी पदविका ही दहावीनंतरची, तुलनेने कमी खर्चाची वाट आहे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर परिसरातील सामान्य कुटुंबांपर्यंत तिची माहिती पोहोचविणे हे काम शिक्षकच करू शकतात.

समारोप

शिळा आणि खिळा यांच्या स्पर्धेपासून ईयूव्ही आणि साचा यांच्या स्पर्धेपर्यंत एक सूत्र दिसते. सर्वांत बारीक रेघ काढणारी पद्धत विजयी झाली, असे क्वचितच घडले. क्ष-किरण अधिक बारीक होते, इलेक्ट्रॉन त्याहून बारीक. तरी कारखाना प्रकाशाने चालला. कारण त्याने तासाला अधिक वेफर दिले, चुका कमी केल्या आणि आधीचे ज्ञान वापरात ठेवले. ईयूव्ही जिंकली ती तिच्या पाठीशी तीस वर्षे अनेक देशांचे, अनेक कारखान्यांचे हात टिकून राहिले म्हणून. मागे पडलेल्या पद्धतींना दुसरे काम मिळाले. त्या पद्धतींना बांधलेल्या माणसांना मात्र ते आपोआप मिळत नाही. ते शिक्षणाने मिळवून द्यावे लागते. सीमाभागात चिपचा कारखाना निघो वा न निघो, ही जबाबदारी येथील महाविद्यालयांना टाळता येणार नाही.